लेझरनंतरचे सहा आठवडे: भट्टीसमोर काम करणाऱ्या एका तरुणाचं प्रकरण

मुरुमांचे खड्डे कमी करण्यासाठी लेझर करून घेणारे आता तालुक्याच्या गावांतूनही येतात. मशीन कुठलं, सिटिंग किती, खर्च किती, हे बहुतेकजण विचारतात. लेझरनंतर चेहरा बरा कसा होतो आणि तो होत असताना घरात, दुकानात, रानात काय काय आडवं येतं, हे फार थोडे विचारतात. त्वचारोगतज्ज्ञ म्हणून मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून एक प्रकरण सविस्तर मांडते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रुग्ण आणि त्याचा चेहरा

वय २८, अविवाहित, सांगली भागातला. घरचं फरसाणाचं दुकान. पहाटे भट्टी पेटते, शेव आणि पापडी तळायचं काम याच्याकडे, वडील गल्ल्यावर. मुरुमं अठराव्या वर्षी सुरू झाली, पाच-सहा वर्षं राहिली, गोळ्या घेऊन थांबली. मागे राहिले ते खड्डे. दोन्ही गालांवर पसरट आणि उथळ, कानशिलाजवळ मात्र सुईनं टोचल्यासारखे अरुंद आणि खोल. लग्नासाठी स्थळं बघणं चालू होतं. बायोडाटावर कॉलेजातला फोटो होता. "फोटो बघून येतात, मॅडम, आणि समोर बसले की खाली बघून चहा पितात," एवढंच तो म्हणाला. त्याला त्याहून जास्त सांगायची गरज नव्हती.

पहिल्या भेटीत खड्ड्यांपेक्षा मला त्याच्या जुन्या डागांची चौकशी जास्त करायची होती. मुरूम बसल्यावर तिथं काळा डाग पडायचा का? पडायचा. किती दिवस राहायचा? "चार-पाच महिने तरी." हे उत्तर कुठल्याही तपासणीइतकंच मोलाचं असतं. ज्या त्वचेवर साध्या मुरुमाचा डाग महिनोन्‌महिने टिकतो, ती त्वचा लेझरच्या जखमेलाही तसंच उत्तर देणार. त्वचेचे उन्हाला मिळणाऱ्या प्रतिसादानुसार सहा प्रकार करण्याची पद्धत अमेरिकेतल्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांच्या नावानं ओळखली जाते. पहिला प्रकार सगळ्यात गोरा, सहावा सगळ्यात काळा. त्यात हा तरुण पाचव्या प्रकारात बसत होता. आपल्याकडचे बहुतेक रुग्ण चौथ्या आणि पाचव्या प्रकारातलेच असतात.

दुसरी चौकशी ओठांची. ताप आला की त्याच्या ओठाच्या कडेला बारीक पाण्याचे फोड यायचे. म्हणजे नागिणीच्या विषाणूचा भाऊबंद असलेला हर्पिस सिम्प्लेक्स त्याच्या शरीरात दबा धरून होता. लेझरनं वरची कातडी उघडी पडली की हा विषाणू सगळ्या चेहऱ्यावर पसरू शकतो आणि कायमचे व्रण ठेवून जाऊ शकतो. त्याला लेझरच्या आदल्या दिवसापासून व्हॅलासायक्लोविर हे विषाणूला रोखणारं औषध सुरू केलं, ते नवी कातडी पूर्ण धरेपर्यंत चालू ठेवलं. मावा खायची सवय होती. तंबाखूनं जखम भरायला उशीर होतो, शिवाय चघळताना ताजे गाल सतत ताणले जातात. तो त्यानं बंद केला, निदान त्या काळापुरता.

आणि भट्टी. सहा आठवडे कढईसमोर उभं राहायचं नाही, हे मी त्याला आणि वडिलांना समोर बसवून सांगितलं. दोघांनी माना हलवल्या.

लेझर नेमकं काय करतं

वापरलं ते फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर. याच्या मुळाशी आपल्या भागातला एक माणूस आहे, हे रुग्णांना सांगायला मला आवडतं. बारामतीत जन्मलेले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले कुमार पटेल यांनी १९६४ साली अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये हे लेझर तयार केलं. त्याच्या किरणांची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर. हे किरण पाण्यात शोषले जातात, आणि कातडीत मुख्यतः पाणीच असल्यामुळे किरण पडेल तिथली पेशी क्षणात वाफ होऊन उडते.

सुरुवातीच्या काळात चेहऱ्याची सगळी वरची कातडीच अशी उडवली जायची. गोऱ्या त्वचेलाही ते जड जायचं, आपल्या त्वचेला तर फारच. २००४ साली बॉस्टनच्या वेलमन सेंटरमधले मॅनस्टाइन, अँडरसन आणि त्यांचे सहकारी यांनी वेगळी कल्पना मांडली: सगळा पृष्ठभाग न जाळता केसाएवढ्या बारीक, उभ्या जखमांची जाळी करायची आणि मधली कातडी शाबूत ठेवायची. त्या शाबूत कातडीतून पेशी सरकत येतात आणि जखमा काही दिवसांतच वरून बंद होतात. खाली मात्र जुनं कोलॅजेन, म्हणजे कातडीला आधार देणारं प्रथिन, मोडून नवं बनण्याचं काम तीन ते सहा महिने चालतं. खड्डा उथळ होतो तो या खालच्या कामामुळे. म्हणून महिन्याभरात आरशात फरक शोधणाऱ्याची निराशा होते.

इथं एक बारकावा आहे, जो पुढच्या घटनेसाठी महत्त्वाचा ठरतो. हे किरण कातडीतल्या रंगद्रव्यात नाही, पाण्यात शोषले जातात. तरीही सावळी त्वचा यानंतर काळवंडते. कारण छिद्राच्या भोवती उष्णता साचते, दाह होतो, आणि दाह झाला की रंग बनवणाऱ्या पेशी चेततात. जितका दाह रेंगाळेल तितका रंग जास्त. म्हणून अशा त्वचेवर छिद्रांची दाटी कमी ठेवावी लागते, एकाच जागी पुन्हा पुन्हा किरण फिरवून चालत नाही. त्याच्या बाबतीतही दाटी कमीच ठेवली. दोन्ही गालांना मोजमाप अगदी एकसारखं होतं.

पहिला आठवडा

जूनचा शेवटचा आठवडा निवडला. पाऊस लागलेला, ऊन कमी, दुकानात गर्दी नाही. बधिर करणारं मलम तासभर लावून लेझर झालं. नंतरचे दोन-तीन तास जळजळ होती, थंड ओल्या गॉजच्या घड्यांनी ती उतरली. दुसऱ्या दिवशी डोळ्यांखाली सूज आली, सकाळी उठल्यावर सगळ्यात जास्त. दोन उशा घेऊन झोपायला सांगितलं होतं ते यासाठीच. तिसऱ्या दिवसापासून चेहरा तांबूस तपकिरी आणि हाताला पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागायला लागला. हे सगळं अपेक्षित होतं.

काळजी साधी होती. उकळून गार केलेल्या पाण्यानं दिवसातून चार-पाच वेळा हलक्या हातानं चेहरा धुवायचा, मऊ कापडानं टिपायचा, आणि लगेच पेट्रोलियम जेलीचा जाड थर द्यायचा. खपली नखानं काढायची नाही. बाकी काहीही लावायचं नाही.

या शेवटच्या वाक्यावर घराघरात अडतं. चौथ्या दिवशी सकाळी तो आणि त्याची आई दारात उभे होते. उजवा गाल ठीक. डाव्या गालावर बारीक लाल पुटकुळ्यांचं जाळं, खाज एवढी की रात्रभर तो हात मांडीखाली दाबून बसला होता. नखांच्या कडांना, जेलीच्या थरात, पिवळी झाक दिसत होती. मी काही विचारायच्या आत आईच बोलल्या: "जखमेला असं तेलकट लावून ओलं ठेवतात का कुठं? चिघळंल म्हणून एका गालाला साय-हळद लावून बघितली. हळदीनं काय वाईट व्हतंय, मॅडम?"

त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. जखम कोरडी पडली, खपली धरली म्हणजे बरी होते, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं निरीक्षण त्या बोलत होत्या. आणि पोराची काळजी होती म्हणूनच तर त्या रात्री जाग्या होत्या. मी त्यांना सांगितलं, "काकू, १९६२ साली जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकानं डुकरांच्या कातडीवर सारख्याच जखमा करून काही झाकल्या, काही वाऱ्यावर उघड्या ठेवल्या. झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगानं आली. कोरड्या जखमेत पेशींना कडक खपलीच्या खालून वाट काढावी लागते." साय दुधाची, म्हणजे जंतूंना खाद्य. आणि हळद बाजारची दळलेली, तिचे खरखरीत कण उघड्या कातडीत जाऊन बसतात. अखंड कातडीवर चालणारी वस्तू हजारो छिद्रं पडलेल्या कातडीवर चालत नाही.

पुटकुळ्या कशाच्या, हे मात्र ठरवावंच लागतं. या टप्प्यावर मी तीन गोष्टी बघते. दुखणं अचानक वाढलं, एकसारखे बारीक फोड किंवा पोखरल्यासारख्या जखमा दिसल्या, तर हर्पिस. पिवळा पू, वास, दुखरी सूज, ताप, तर जिवाणू. नुसती खाज आणि लालसर पुरळ असेल तर बहुतेक वेळा लावलेल्या वस्तूचा त्रास, क्वचित बुरशी. त्याला खाज होती, दुखत नव्हतं, पू नव्हता, आणि पुरळ बरोबर हळद लावलेल्या भागापुरतं होतं. तरी नमुना तपासायला पाठवला. त्यात जंतू वाढले नाहीत. गाल स्वच्छ धुऊन पुन्हा जेली, थंड घड्या आणि खाजेची गोळी, एवढ्यावर दोन-तीन दिवसांत पुरळ बसलं. सहाव्या-सातव्या दिवशी खरखरीत थर आपोआप निघून गेला आणि खाली गुलाबी, तकतकीत कातडी दिसायला लागली.

दाढीबद्दल थोडं. पुरुष रुग्णांना हे कुणी सांगत नाही. दहाव्या दिवशी ट्रिमर चालतो, पातं दोन आठवड्यांनंतर. गावातल्या सलूनमध्ये दाढीनंतर तुरटी फिरवतात, वर आफ्टरशेव्ह. या दोन्हीला महिनाभर हात लावायचा नाही. त्यानं न्हाव्याला तसं सांगितलं, तेही ऐकलं गेलं.

पाचव्या आठवड्यात उजवा गाल

बाराव्या दिवसापासून तो गल्ल्यावर बसायला लागला. सनस्क्रीन नियमित, टोपी, छत्री, सगळं शिस्तीत. दोन आठवड्यांनी दाखवायला आला तेव्हा दोन्ही गाल हलके गुलाबी, एकसारखे. साय-हळदीच्या गालावर काही मागे राहिलं नव्हतं.

पाचव्या आठवड्यात आला तो मान खाली घालून. उजव्या गालावर, कानशिलापासून जबड्यापर्यंत, तपकिरी रंगाचे बारीक ठिपके जाळीसारखे उमटले होते. लेझरची छिद्रं जिथं जिथं पडली तिथं तिथं. डावीकडेही थोडा रंग होता, पण उजवीकडे दुपटीनं. "उन्हात तर गेलोच नाही मी," तो म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

लेझरनंतरचा काळेपणा साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात उमटतो, त्यामुळे वेळ ओळखीची होती. कोडं बाजूचं होतं. मोजमाप दोन्हीकडे सारखं. पुरळ उठलं होतं ते डाव्या गालावर, मग उजवा का काळवंडावा? मोबाइल तो उजव्या कानाला लावायचा, पण दिवसाला चार-दोन फोनच. झोपायचा पाठीवर. वुड्स लॅम्पखाली, म्हणजे त्वचा तपासायच्या अतिनील दिव्याखाली, डाग जास्त उठून दिसले, म्हणजे रंग वरच्या थरात होता, आणि ही त्यातल्या त्यात चांगली बातमी होती. मग मी त्याला दुकानात तो कुठं, कसा उभा असतो ते कागदावर काढून दाखवायला सांगितलं.

गल्ला पुढे, भट्टी मागे. श्रावण लागला होता. उपवासाच्या चिवड्याची, वेफर्सची मागणी वाढलेली. तळायला ठेवलेला माणूस गावी गेला. तिसऱ्या आठवड्यापासून तो "अर्धा तासच" म्हणत कढईवर उभा राहत होता, सकाळी आणि संध्याकाळी. झारा उजव्या हातात, घाणा उचलताना शरीर वळतं आणि उजवा गाल कढईवर येतो. कागदावर त्यानं बाण काढला, आणि बाण काढता काढताच त्याचा हात थांबला.

माझा निष्कर्ष असा: लेझरनंतर उरलेला दाह डाव्या गालावर हळूहळू शमत होता, उजव्या गालावर भट्टीची आच रोज त्याला पुन्हा हवा देत होती. आच म्हणजे ऊन नव्हे, तिच्यात अतिनील किरण नसतात. म्हणूनच सनस्क्रीन तिला अडवत नाही. सनस्क्रीन किरणांसाठी आहे, तापलेल्या हवेसाठी आणि तेलाच्या वाफेसाठी नाही. आचेनं रक्तवाहिन्या पसरतात, लाली टिकते, रंगपेशी चेतलेल्या राहतात. चेहऱ्यावरचा वांग असलेल्या, चुलीपुढे किंवा तंदूरपुढे काम करणाऱ्या रुग्णांत हेच वर्षानुवर्षं दिसत आलं आहे.

तो बेजबाबदार होता असं मला अजिबात वाटत नाही. उन्हाची भीती त्याला पटली होती, कारण ऊन लागलं की काळं होतं हे लहान मूलही जाणतं. आच त्याच्या रोजच्या हवेसारखी होती. तिच्याबद्दलची सूचना दोघांनी ऐकली आणि धंद्याच्या गर्दीत ती मागे पडली. शिवाय चेहरा तिसऱ्या आठवड्यात बरा दिसत होता. दिसायला बरी झालेली कातडी आणि खरोखर शांत झालेली कातडी यांत कित्येक आठवड्यांचं अंतर असतं, आणि सावळ्या त्वचेत नेमकं तेच अंतर निभावून न्यायचं असतं.

आणखी एक गोष्ट त्यानं खिशातून काढली. मित्रानं दिलेली क्रीमची ट्यूब, आठवडाभर रात्री लावलेली. त्यात तीव्र स्टेरॉइड होतं. अशी मिश्रणं औषधाच्या दुकानातून सर्रास हातात पडतात. २०१८ साली सरकारनं चेहऱ्याला लावली जाणारी कित्येक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून नियम कडक केले, तरी गोरेपणाच्या आशेनं ती विकली जातात आणि लावली जातात. डॉक्टर मोजून चार दिवस स्टेरॉइड देतात, ते वेगळं. आपलं आपण महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, मुरुमं उसळतात, आणि सोडलं की चेहरा पेटतो. ही मलमं बघितली की मला मनापासून वाईट वाटतं, कारण ती वापरणारी माणसं कुणाला तरी आवडावं म्हणूनच वापरत असतात. आठवड्याचाच वापर होता, म्हणून बंद करून निभावलं.

उपचार आणि पुढचे महिने

पहिला उपचार घरचा: वडिलांना बोलावून घेतलं. मुलानं काढलेला तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "गणपतीपर्यंत आचारी ठेवतो, मॅडम. पोराचं तोंड आहे ते." दुकान चालवणाऱ्या माणसासाठी हंगामात जास्तीची मजुरी देणं ही छोटी गोष्ट नव्हती.

औषध फार नव्हतं. रात्री ॲझेलेइक ॲसिडचं क्रीम, आधी एक दिवसाआड. ते दाहही कमी करतं आणि रंगही, सावळ्या त्वचेला सोसतं. दिवसा आयर्न ऑक्साइड असलेलं, कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन, कारण काळेपणा वाढवण्यात नुसते अतिनील किरणच नाही, डोळ्यांना दिसणारा प्रकाशही भाग घेतो आणि साधं पांढरं सनस्क्रीन त्याला फारसं अडवत नाही. "पावडर लावल्यागत दिसतंय," अशी त्याची तक्रार होती. चार-पाच दिवसांत सवय झाली. पील (ॲसिड लावून वरची कातडी सोलवणं) किंवा दुसरं लेझर करून डाग लवकर घालवा, असा आग्रह घरातून झाला. मी तो मानला नाही. चेतलेल्या कातडीला आणखी एक जखम देऊन रंग कमी होण्यापेक्षा वाढण्याची शक्यता जास्त.

डावा गाल आठव्या आठवड्याला साफ होता. उजव्याला वेळ लागला. दर महिन्याला त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली, बाजूनं प्रकाश टाकून फोटो काढत होतो. समोरून उजेड टाकला की खड्डे पुसल्यासारखे दिसतात आणि सगळ्यांचीच फसगत होते. दिवाळीच्या सुमाराला उजव्या गालाचा रंग गळ्याच्या रंगाशी जुळला. त्याच फोटोंत पहिल्यांदा खड्ड्यांतला फरकही स्पष्ट दिसला: पसरट खड्ड्यांच्या कडा उतरल्या होत्या, गालांची पातळी एकसारखी झाली होती. कानशिलाजवळचे अरुंद खड्डे जवळजवळ तसेच होते. ते राहतील हे आधीच सांगितलेलं होतं. अशा खड्ड्यांच्या तळापर्यंत या लेझरचा परिणाम नीट पोहोचत नाही.

दुसरं सिटिंग त्याला हवं होतं. दिवाळीचा हंगाम संपल्यावर ते केलं, दाटी आणखी कमी ठेवून. या वेळी तारीख ठरवायच्या आधी आचारी ठरला. सहा आठवडे तो कढईकडे फिरकला नाही, पुढे गल्ल्यावर बसला आणि मागच्या खोलीत एक्झॉस्ट पंखा बसवून घेतला. आईंनी या वेळी जेलीचा डबा स्वतः हातात घेतला, दिवसातून किती वेळा लावला ते कॅलेंडरवर रेघा ओढून लिहिलं. चौथ्या आठवड्यात डाव्या-उजव्या दोन्ही गालांवर हलका रंग दिसला, दोन्हीकडे सारखा, आणि तो दोन महिन्यांत गेला.

कानशिलाजवळच्या खोल खड्ड्यांसाठी आता प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी टोकदार काडीनं ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडचा थेंब ठेवायची पद्धत सुरू केली आहे. त्यानंतरही खपली येते, काळेपणाची शक्यता असते, आणि भट्टीबद्दलची अट तशीच आहे. बायोडाटावर त्यानं या वर्षीचा फोटो लावला आहे.